बाराशे चाळीस

येसेन्या सिस्टर फोनवर आधी आकडा सांगते,
नमस्कार-चमत्कार मग.
"बाराशे चाळीस," ती म्हणाली,
आणि मी हातातला पाना खाली ठेवला,
ग्रीसनं माखलेल्या बोटानं
मोटारीच्या पत्र्यावरच लिहून टाकलं,
कुणी मागे घेऊ नये म्हणून.

पाचशेच्या खाली दार बंद.
पाचशेच्या खाली आजोबासुद्धा काचेपलीकडून,
पोस्टमनसारखे, उभ्या उभ्या.
हजाराच्या वर : वालपाराईसो.
अख्खं.

अख्खं म्हणजे, गर्दी सोडून.
जिन्यांवरची मांजरं सोडून, कच्चे शिंपले सोडून,
शाळेतली सगळी शेंबडी पोरं सोडून.
"मग उरलं काय?" नोएमी म्हणाली.
म्हटलं, माझी लिफ्ट उरते.
सकाळी सातच्या आधीची.

टेकडीच्या पाठीवरून सरपटत चढणारी ही लाकडी खोली
सोळा वर्षं मी वरून ओढतोय,
माझ्याआधी माझा सासरा.
रात्रीच बाकं पुसून घेतली क्लोरीननं,
कडी, दांडा, खिडकीची काच,
एलोईसाचं नाक टेकेल त्या उंचीवर
दोनदा.

सकाळी धुकं. बंदर नुसतं ऐकू येत होतं.
धक्क्यावर समुद्रसिंह घसा खरवडत होते.
"त्यांना पण उलटी होतेय," ती म्हणाली,
जाणकारासारखी.
औषधानं पाय अजून लुळे, पाऊल चपटं पडतं,
बदकासारखं, फट् फट्,
आणि टोपी माझी, भुवयांपर्यंत आलेली,
कारण आत अडवायला केस नाहीत.

करार असा : ती नोएमीबरोबर खालच्या डब्यात,
मी वर, तरफेपाशी.
एक घंटा : ओढ. दोन घंटा : थांब.
तिनं अकरा वाजवल्या.
अकराचा अर्थ नियमावलीत नाही.
मी ओढलं.

तिसऱ्या फेरीला तिच्या ध्यानात आलं
की आपण वर निघालो की दुसरा डबा खाली निघतो,
मधोमध दोघं अंगाला अंग घासून जातात.
"त्यात कोण असतं?"
कोणी नाही, राणी. नुसतं वजन.
यावरून कुणाला काही सुचत असेल
तर खुशाल सुचू दे.
मला काचेवरचा नाकाचा ओला ठिपका दिसत होता,
आणि ती त्या रिकाम्या डब्याला हात करत होती,
दर फेरीला, न चुकता,
तो आला नसता तर रुसली असती इतक्या मनापासून.

लोक म्हणतात, आजार माणसाला शिकवतो.
मला शिकायचं नव्हतं.
स्टेरॉइडच्या पाच रात्री,
तीन वाजता तिला पाव हवा, वर अवाकाडो, वर मीठ,
नाही, मीठ नको, मीठ काढ,
मग मीठ का काढलंस म्हणून हंबरडा.
मी मीठ शोधत बसायचो अंधारात, पावातलं.
एकदा आम्ही तिघंही हसलो त्यावर.
एकदाच.
नोएमीनं ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय,
औषधांच्या खुणांमध्ये.

नऊ फेऱ्या झाल्या.
सातला पाच कमी असताना दोन एउलोहियो आले,
पावांची टोपली काखेत, गुडघा तसाच वाकडा.
आत पाहिलं. टोपी पाहिली.
"जिन्यानं बरं असतं सकाळी," म्हणाले,
आणि चढायला लागले. एकशे बासष्ट पायऱ्या.
दहावी फेरी त्यांच्या बरोबरीनं गेली, हळू,
दर वळणावर ती त्यांना घंटा वाजवून दाखवत होती
आणि ते दम खायला थांबल्याचं
टोपी काढून लपवत होते.

पुढच्या गुरुवारी तीनशे दहा.
दार बंद.

पत्र्यावरचा आकडा मी पुसलेला नाही.
पालिकेचा तपासनीस आला होता, चष्मा वर करून म्हणाला,
"हे काय, दाब?"
हो म्हटलं. त्या दिवशीचा.
"चांगला आहे," म्हणाला,
आणि वहीत उतरवून घेतला.