सदतिसावी वाट

हेल्दुर गेला तेव्हा (निवृत्त होऊन; मेला नाही)
टेबलावर निघाला एक कप, हेरिंगच्या डब्याचं झाकण,
आणि सर्व्हरवर मागे राहिलेली एक फाइल,
जिचं नाव टिंबानं सुरू होतं
म्हणून सहसा कुणाला दिसत नाही.
आत सदतीस ओळी. सदतीस आडवाटा.

हापसालूत, एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर बसून
आम्ही बेटांच्या बोटींची वेळापत्रकं चालवतो.
कोड म्हणजे फोल्डरात फोल्डर:
बोटी, त्यात मार्ग, त्यात हीउमा, त्यात हिवाळा,
मग 'जुनं',
आणि 'जुनं'च्या पोटात आणखी एक 'जुनं'.

पहिल्या आठवड्यात मी अख्खे पत्ते टाइप करायचे.
वर यायचं तर दोन टिंबं, तिरपी रेघ, दोन टिंबं, तिरपी रेघ,
साखर सापडल्यासारख्या मुंग्या स्क्रीनभर.
हेल्दुर मागे उभा, चहा फुंकत.
"तूले, तू रोज समुद्र पोहून जातेस.
बोट आहे ना."

त्याची बोट एका अक्षराची होती.
ओठ गोल करून म्हणायचा तो उ:
एकदा दिला की एक पायरी वर, दोनदा दिला की दोन,
पाच उ म्हणजे जानेवारीत धक्क्यावर उतरताना
माणूस काढतो तो आवाज.

"नुसती आडवी रेघ दिलीस
तर जिथून आलीस तिथे परत.
पण मागचं एकच ठिकाण लक्षात राहतं हं.
पुन्हा दिलीस तर पुन्हा इथेच.
माझं पहिलं लग्न असंच होतं."

आणि घराची खूण? एक लाट.
कुणी निवडली कोण जाणे.
बेटावर जन्मलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

छत्तीस वाटा माझ्या बोटांत बसल्या.
सदतिसावी होती: यॅ.
आमच्या भाषेत यॅ म्हणजे बर्फ.
आणि दाराशी निघालेल्याला म्हटलं
तर त्याचाच अर्थ: थांब, राहा.

एंटर दाबलं.
शेल म्हणालं, अशी जागा नाही.

जुन्या नोंदी उपसल्या.
समुद्र पुरता गोठला की बोटी बंद व्हायच्या,
गाड्या बर्फावरून जायच्या, सीटबेल्ट सोडून,
दार चटकन उघडता यावं म्हणून.
त्या रस्त्याची गणितं होती तिथे:
जाडी, वजन, दोन गाड्यांमधलं अंतर.
किती हिवाळे झाले, रस्ता उघडलाच नाही.
फोल्डर काढलं होतं हेल्दुरनेच.
कारण: वापरात नाही.
वाट मात्र ठेवली.

मी ती ओळ खोडायला बसले,
आणि त्या जागी एक रिकामं फोल्डर करून उठले.

आता कधीकधी, कामाच्या ऐन मध्यात,
तीन अक्षरं दाबते.
एका दमात सहा पायऱ्या खाली.
आत काय आहे विचारते.
शेल काहीच म्हणत नाही.

मग आडवी रेघ.
उद्याची साडेसहाची बोट अजून लावायची आहे.