काडीचं माप

वकीलीणबाईंनी कागद पुढं सरकवला.
लेकराचा महिन्याचा खर्च लिहा, रकान्याप्रमाणं.
दूध. दवाखाना. शाळा. कपडे.
शेवटी एक रकाना: इतर.
परभणीच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी
मी पेन धरून उभी.
इतर म्हणजे काय काय, मॅडम?
रात्री दोनला तिला तहान लागते, ते धरायचं का?

अर्जदार क्रमांक एक, मी.
अर्जदार क्रमांक दोन, राजनंदिनी, वय सहा, अज्ञान.
अज्ञान म्हणजे लहान हो, मॅडम म्हणल्या,
कायद्यात तसंच लिहितात.
तिला बाराचा पाढा येतो.
सेलू ते परभणी अर्धं तिकीट कितीचं,
कंडक्टरच्या आधी सांगते.
(आम्ही दोघीही अर्ध्यातच येतो.)
बाप कुठल्या पायऱ्यांनी वर येतो, तेही तिला ठाऊक.
तिथंच बसते,
आणि तो दिसला की
बुटाची नाडी बांधत राहते.

त्यानं शपथपत्रात लिहिलं:
भावाच्या जेसीबीवर ड्रायव्हर, पगार नऊ हजार.
मशीन भावाच्या नावावर, घर आईच्या,
मोटारसायकल मेव्हण्याची.
एवढा उघडा मी त्याला
संसारातही पाहिला नव्हता.

तारखा पडत गेल्या.
साहेब रजेवर. वकिलांचा बहिष्कार.
समुपदेशकांच्या खोलीत एकच पंखा, तोही त्यांच्याकडं तोंड करून.
घरी मी केरसुणीची एक काडी उपसायची,
नंदूच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची,
नखानं तोडायची,
पदराला बांधून आठवडी बाजारात न्यायची.
चपलावाला काडी आत घालून बघायचा,
वर बोटभर जागा सोडायचा.
वाढतं अंग आहे, बाई.
त्याला शपथपत्र लागायचं नाही.

मग मॅडमनी एक फोटो लावला.
जिंतूर रोडला काम चालू असताना
माझ्या मावसभावानं काढलेला.
पिवळ्या मशीनच्या काचेवर लाल अक्षरं:
राजनंदिनी अर्थमूव्हर्स.
साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
भावाला मुली किती?
नाहीत, साहेब. दोन मुलं.
मग हे नाव कुणाचं?
तो खाली बघत राहिला.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल.
पण त्याच्या मानेवर उन्हानं काळा पट्टा पडला होता,
आणि मला दिसत होतं
तो पेंटरपुढं उभा आहे,
एकेक अक्षर सांगतोय,
रफार विसरू नको म्हणतोय.

आदेश झाला.
दरमहा साडेपाच हजार, अर्जाच्या तारखेपासून.
अर्जाची तारीख,
म्हणजे सगळ्यात आखूड काडी.
सगळ्या ठेवल्यात मी, रबर लावून,
आदेशाच्याच पिशवीत. सात आहेत.
गल्लीतल्या बाया विचारतात,
झाला का गं काडीमोड?
मी म्हणते, काड्या तर घरातच आहेत.

पहिला हप्ता अजून आलेला नाही.
काल नंदूनं पिशवी उपसली,
सगळ्यात लांब काडी फरशीवर ठेवली,
शेजारी पाऊल टेकवलं.
आई, म्हणली,
ही पण पुरत नाही.