तासिका तत्त्वावर

पहाटे साडेचारला आमच्या नऱ्ह्यात
दोघंच जागे असतात, पाण्याचा टँकरवाला आणि मी.
तिकडे निंगबोत सात वाजलेले.
त्साओ बाई भाताची पेज भुरकत पडद्यावर येतात,
मी पायजम्यावर शर्ट चढवून
भिंतीचा तेवढाच तुकडा दाखवतो जिथे ओल नाही.

त्याही इंग्रजीच्याच मास्तरीण.
व्याकरण पक्कं, पण तोंड उघडायला बिचकतात,
म्हणून अर्ध्या तासाचे तीनशे मला.
आज पुस्तकातला धडा होता :
तुमच्या शहरात राहायला किती खर्च येतो?

मी म्हटलं, पूर्ण वाक्यात सांगा.
त्यांनी सांगितलं :
निम्मा पगार घरमालकाला, पाव सासूच्या औषधांना,
आणि उरतं त्याला इंग्रजीत काय म्हणतात?
मी शब्द दिला. त्यांनी वहीत लिहून घेतला.
मग म्हणाल्या, आता तुम्ही, सर. पूर्ण वाक्यात.

आता माझी वाक्यं अशी की
कर्ता आहे, क्रियापद आहे, पगार भविष्यकाळात.
कॉलेजात मी तासिका तत्त्वावर :
तास झाला तर पैसे, गॅदरिंग असेल तर नाही,
दिवाळीत नाही,
आणि झालेल्या तासांचं बिल जूनपासून
कुठल्याशा टेबलावर सहीसाठी उताणं पडलेलं.
प्राचार्य जिन्यात भेटले की म्हणतात,
नलवडे, तुमचं इंग्रजी ऐकत राहावंसं वाटतं हो.

भाडं साडेनऊ हजार. करार अकरा महिन्यांचा.
बाराव्या महिन्यात पोकळे अण्णा जिना चढून येतात,
चहा नको म्हणतात, हेच वाईट लक्षण.
यंदा म्हणाले, पाचशे वाढवत नाही,
पण नातवाला तेवढं एबीसीडीच्या पुढे ढकला.
ढकलतोय. मंगळवार-शुक्रवार.
पोरगं क्यूपाशी येऊन बसकण मारतं.

संध्याकाळी धायरी फाट्यावर, हार्डवेअरच्या दुकानावर,
फाडफाड इंग्रजीचा वर्ग.
खाली पाइप कापतात, वर मी काळ शिकवतो.
किर्रर्र झालं की थांबायचं,
मग पुन्हा चालू वर्तमानकाळ.

शनिवारी कोर्टाच्या कागदांचे अनुवाद, पानाला ऐंशी.
एकात आलं, 'ती नांदायला तयार नाही'.
रात्रभर शोधलं. इंग्रजीत कोणी नांदत नाही.
शेवटी 'राहायला' असं लिहून दिलं, ऐंशी घेतले.
अजून त्या बाईचं काहीतरी देणं लागतो असं वाटतं.

यातलं किती सांगायचं सकाळच्या प्रहरी?
मी म्हटलं, पुणं महाग आहे. मला चार नोकऱ्या आहेत.
त्या हसल्या. म्हणाल्या, मला दोनच, पण एक चोरून.
शाळेतल्या मास्तरांना शिकवणीची मनाई म्हणे,
तरी सहाव्या मजल्यावर, पडदे ओढून,
जेवणाच्या टेबलाभोवती चार मुलं.
सकाळी तुमच्याकडून जे घेते ना सर,
संध्याकाळी तेच त्यांना देते.
थोड्या चढ्या भावाने.

आधी राग आला. मग हिशेब केला आणि हसूच आलं.

मला इंग्रजी शिकवलं करमाळ्यात, झाडबुके सरांनी.
व्ही आणि डब्ल्यू त्यांना एकच.
म्हणायचे, वारा कुठूनही आला तरी वाराच.
त्यांचं ते 'वेरी वेल'
मी घासत घासत पुण्यापर्यंत आणलं, निघालं नाही.
आता हिमालयापलीकडे, बंद पडद्यांच्या आत,
एखादं पोरगं ओठांचा चंबू न करता
अस्सल करमाळ्याच्या वळणाचं 'वेरी वेल' म्हणत असेल,
आणि त्याची आई त्याचे पैसे मोजत असेल.

पाच वाजले. बाईंनी विचारलं, उद्या कोणता धडा?
मी पान उलटलं.
फावल्या वेळेतले छंद.
तो आपण गाळू, म्हटलं.

खाली टँकरची मोटार सुरू झाली.
शर्ट काढून खुंटीला लावला,
बादल्या घेतल्या.