पूर्ववत

शुक्रवारी साडेपाचला
ऱ्हीस पॅटिसनच्या डाव्या गालावरची खपली मी काढली.
इयत्ता चौथी, फोटो क्रमांक एकशे सतरा.
आईनं फॉर्मवर लिहिलं होतं : गालावरचं तेवढं काढा, प्लीज.
काढलं. एक टिचकी. गाल साफ.

मग चहाला उठताना काहीतरी दाबलं गेलं.
काय, ते मला नऊ वाजता कळलं.

तोवर खालच्या सट्ट्याच्या दुकानाचं शटर पडलं होतं,
हार्टलपूलच्या बंदरावरून आलेला वारा
खिडकीची फट शोधत होता,
आणि सहाशे अडतीस मुलांचा उजेड सारखा करून,
कडा कापून झाल्यावर
सहज एकीचा चेहरा मोठा केला :
खळी नाही.
हसतेय, आणि खळी नाही.

सगळी निवडलेली होती तेव्हा.
एका गालासाठी फिरवलेला हात
सहाशे अडतीस ठिकाणी फिरला होता,
डावीकडून एवढं, वरून एवढं.
यंत्राला गाल कळत नाही, जागा कळते.
उंच मुलांच्या त्या जागी ओठाचा कोपरा होता,
बालवर्गातल्यांचं कपाळ.
मान वळवून बसलेल्या जुमानचं
कानामागचं यंत्र अर्धं गेलं होतं
आणि तिथं कातडी आली होती, इतकी सफाईदार
की तो जन्मापासून सगळं ऐकतोय असं वाटावं.
एकाच्या डोळ्यावर गाल आला होता.
व्हीलचेअरमधली पॉपी तेवढी वाचली.
तिच्या डोक्यावरून गेलं सगळं;
राखाडी पडद्यातून राखाडी पडदा काढला गेला.

डोरीन नेहमी म्हणते, कंट्रोल झेड आहे ना, घाबरतोस कशाला?
पण झेड मागं जातं ते आल्या वाटेनंच,
शेवटचं आधी, मग त्याच्या आधीचं,
आणि वीस पायऱ्या उतरलं की जिनाच संपतो.
मी साडेतीन तास चढत होतो.

मराठीत ह्याला शब्द आहे : पूर्ववत.
बंद संपला की दुसऱ्या दिवशी पेपरात असायचा,
जनजीवन पूर्ववत.
काचा कुणी गोळा केल्या, एकेक फळी कुणी उघडली,
हे छापून यायचं नाही.

एकेक केलं.
फोटो उघडायचा, दुरुस्तीचा तो गोल ठिपका शोधायचा,
तेवढाच पुसायचा, बाकीचं राहू द्यायचं.
खळी आली.
डोळा आला, तो माझ्याकडेच बघत होता.
सव्वाबाराला बिनदुधाचा चहा.
दोनशेनंतर मी नावं वाचायला लागलो.
कुणाच्या कॉलरला टूथपेस्ट.
कुणाचा दात त्याच सकाळी पडला असावा,
जीभ अजून रिकामी जागा तपासत होती.
दिवसा ह्यांतलं कुणीच दिसलं नव्हतं मला,
दिवसा ती सगळी जरा जास्त पिवळी होती, एवढंच.

चारशे दोनला खपली परत आली.

ऱ्हीसची नव्हे. डार्सी पॅटिसन, इयत्ता पहिली.
कुणीतरी तिला दोन गाद्यांवर बसवलं होतं
म्हणून नेमकी सापडली.
तोच गाल, तीच जागा,
तांबूस, भाताच्या शिताएवढी.
खपली नव्हतीच ती.
आमच्याकडे लासं म्हणतात, पोटातून आणलेलं.
तिच्या फॉर्मवर काही लिहिलेलं नव्हतं.
दोन्ही फॉर्मांवर अक्षर एकाच हाताचं.

एकशे सतरा मी शेवटी ठेवला होता.
पहाटे पाचला, हात लावण्याआधी,
वरच्या कोपऱ्यात तीनदा वाचलं :
एक फोटो निवडला आहे.
गाल अजून साफ होता.
बाहेर सीगल ओरडायला लागले होते
आणि मी माउसवर बोट ठेवून नुसताच बसलो होतो.

मग ठिपका पुसला. छापला.
परत घातला. छापला.
दोन्ही एकाच पाकिटात सरकवले,
बिल एकाचंच लावलं.
सोमवारी डोरीननं विचारलं तर सांगेन,
प्रिंटरनं चुकून दोन काढले.