लाल, पण कुठलं लाल

छत्तीस वर्षं रविवार कारंजावर
मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे उभी आहे मी.
डाळिंबी, गाजरी, कुंकवी, विटकरी
बायका पदराचं टोक घेऊन येतात,
मी तागा उचलून फुटपाथवर नेते, म्हणते,
ट्यूबखाली ठरवू नका, उन्हात बघा.

ह्यांचा डावा गुडघा क्लचला नाही म्हणाला
म्हणून ही गाडी घेतली, जुनी, बिनक्लचची,
ओझरच्या देवस्थळींच्या सुनेकडून.
चालवते मीच. हे शेजारी बसून
दर सिग्नलला
रिकाम्या जागी डावा पाय दाबतात.

परवा मुंबई नाक्याला
गिअर बदलताना गाडीने आवंढा गिळला.
क्षणभरच.
बोलता बोलता माणूस मूळ विषय टाळतं, तसं.

वडाळा नाक्याला जाफर मिस्त्रीने डिपस्टिक ओढली,
पेपरच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टेकवला.
मधे काळपट, कडेला उकळून उकळून उरलेला चहा.
नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी.
पाक गॅसवर विसरल्यावर येतो तो वास.
‘तेल तुम्ही आणा,’ म्हणाला,
‘पण माझ्या तोंडावर जाऊ नका. गाडीचं पुस्तक असेल, ते वाचा.’

मी आधी द्वारकेला गेले. पुस्तक कोण वाचतं.
पोराने तीन बाटल्या मांडल्या, तिन्ही लाल.
मी सवयीने उचलल्या, दुकानाबाहेर आणल्या, उन्हात धरल्या:
एक डाळिंबी,
एक अगदी कोकम सरबत,
एक उगाच गुलबक्षीकडे झुकणारी.
डाळिंबी पुढे करून म्हटलं, ही दे.
पोरगं हसलं.
‘काकू, रंग वरून घातलेला असतो,
गळालं तर कुठून गळालं ते कळावं म्हणून.
रंगावर घ्याल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’

छत्तीस वर्षं.
मी गाडीत येऊन बसले, डॅशबोर्डचा खण उघडला.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
देवस्थळींचं पेन्सिलीचं अक्षर, बारीक, सरळ:
‘४०,२१० – साडेतीन लिटर. हेच. दुसरं मिसळू नये.’
‘६१,००० – हेच. वणीच्या घाटात उतरताना घाई केली, करू नये.’
‘८१,०५० –’
पुढे रेघ आहे, आकडा नाही.
किल्ली देताना सून म्हणाली होती,
बाबांना आता गाडी होती हेही आठवत नाही.

आकडा आणि अक्षरं तळहातावर लिहून पुन्हा आत गेले.
पोरगं स्टुलावर चढलं,
मागच्या फळीवरून धूळ खाल्लेले डबे काढले.
पत्र्याचे. आतलं दिसत नाही.
जन्मात पहिल्यांदा
मी उजेडात न नेता काही विकत घेतलं.

जाफरने जुनं काढलं, पाण्याच्या बाटल्यांत मोजलं,
जितकं निघालं तितकंच नवं ओतलं.
‘सगळं निघत नाही, बाई. निम्मं आत राहतं.
दोन-तीन महिन्यांनी परत या, त्यातलं निम्मं काढू.
एकदम सगळं बदललं तर जुन्या प्लेटा घसरतात.’
ह्यांनी इतक्या जोरात मान हलवली
की मी विचारलं, तुम्हाला काय कळलं?
म्हणाले, काही नाही.

मग इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय,
एकेका गिअरला थोडं थांबत मी दांडा खाली आणला, परत वर नेला.
डिपस्टिक पुसायला दुकानातल्या कातरणी नेल्या होत्या,
पांढरं पॉपलीन.
लिहायला जाफरच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली:
‘१,२२,३४०. हेच.’

येताना मुंबई नाक्याला गाडी गप्प सरकली.
ह्यांचा पाय दाबला गेलाच.
आणि सिग्नलला मी पर्समधली कातरण काढून
काचेतून येणाऱ्या उन्हात धरली.
गाजरी.
चार वर्षं त्या ताग्याला गिऱ्हाईक नाही.