मुभा

एकतीस वर्षं वजनं तपासली जी मी.
इतवारीत, कळमन्यात, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात.
तळ घासलेले किलो, शिसं काढून घेतलेले अर्धे किलो,
पारड्याच्या पोटाला चिकटवलेली चिंच.
म्हणून कोणी "तोलून बघा" म्हटलं
की माझा हात आपोआप काट्याकडे जातो.

मिहानकडच्या दवाखान्यात कूलर नुसताच ओरडत होता.
डॉक्टर खोब्रागडे म्हणाल्या, काका, वय?
चौसष्ट.
पेन थांबलं.
ताप, अंगदुखी होतेच थोडी. पण साठीनंतर
यकृतावर, मेंदूवर... लाखात एखाद्याला.
आणि तिकडे तो डास चावला
तर त्या पिवळ्या तापाला औषध नाही.

लाखात एक.
कंपालाहून मितू फोटो पाठवते तेव्हा
नातीला आम्ही हेच म्हणतो.

एका पारड्यात एकोणीस दिवसांची पोरगी,
दुसऱ्यात मी न पाहिलेला तो माणूस, लाखातला.
त्यालाही नाव असेल, झिजलेली चप्पल असेल,
बाहेर बाकावर थांबलेली बायको असेल.

माझी तर शेजारीच होती.
डॉक्टरांनी पंचशीलाची फाईल उघडली,
सांधेदुखीच्या गोळ्यांची नावं वाचली, मिटली.
ताई, तुम्हाला ही लस चालत नाही.
तिच्यासाठी तोलायला काही उरलंच नाही.
"मंग तुम्ही जा ना. काहून विचार करून राहिले?
कोणाच्या तरी एकाच्या मांडीवर येऊ द्या पोरीला."

प्रत्येक काट्याला कायद्यानं थोडी मुभा असते,
इतके ग्रॅम चुकला तरी खरा धरायचा.
असे हजारो खरे ठरवलेत मी.
बाही वर केली.

बोरकुटे सिस्टरनं अर्धा तास बसवून ठेवलं,
पिवळ्या पुस्तिकेवर शिक्का मारला.
जरा तिरका पडला. मी बोललो नाही.

पाचव्या रात्री ताप. शंभरला एक रेघ कमी.
पंचशीला दर तासाला थर्मामीटर ट्यूबलाइटकडे धरायची
आणि मी तिच्या तोंडावर वाचायचो,
लाखातला, की बाकीच्यांतला.

उतरला.

काल बॅग स्प्रिंगच्या काट्याला टांगली.
तेवीस किलोची परवानगी, बावीस आठशे भरली.
तिनं वर एक दुपटं ठेवलं, जुन्या पातळाचं,
वाकड्या बोटांनी शिवलेलं.
काटा तेवीसच्या पुढे गेला, साठेक ग्रॅम.
मी चष्मा काढला.
तेवीसच, म्हणालो.