शेड मिळाली का

लुर्दिननं पुण्याहून पाठवलं थर्माकोलच्या खोक्यात
दीड किलो हॅम, दोन्हीकडून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या,
आणि फोनवर बजावलं, पप्पा, धुऊ नका हां,
ते शिजलेलंच असतं, फक्त रंग आणायचाय.
फक्त रंग!
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं
मी दुसरं काय केलं, पोरी?

एअर फ्रायर मुलानं मागच्या नाताळात दिला.
वर्षभर त्यात पापड भाजले, एकदा शेंगा.
टोपलीत हॅम बसेना.
एक बाजू सुरीनं उतरवली, फ्रीजमध्ये दह्यामागं ठेवली,
उद्या उपासनेनंतर कोण घरी येईल सांगता येत नाही.

सालोमी आतल्या खोलीत.
परवा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
वर प्लास्टिकची भोकाभोकांची वाटी.
डावा जानेवारीत. तोवर त्या डोळ्याला
मी म्हणजे एक शर्ट आणि एक आवाज.

फॉइल गुंडाळलं?
गुंडाळलं.
डिग्री?
एकशे साठ.
साठ डिग्रीला मी लाल चढवायचो सुतावर.
आधी मीठ, पोत्यानं मीठ,
मग सोडा, मग विंच फिरत राहायचा.
लोकांना वाटतं रंगाचं काम रंग करतो.

काकवी म्याकलकाकूंनी दिली.
वाटी हातात ठेवली नि उंबऱ्यातच थांबल्या,
कशात घालणार ते सांगू नका, म्हणाल्या,
मी काही ऐकलंच नाही. आणि तोंडावर पदर धरून हसत गेल्या.
तिच्यात सांगोल्याच्या डाळिंबाचा रस, कुटलेली मोहरी,
बारीक गॅसवर आटवत बसलो
पळीवरचा थेंब पडायचा कंटाळा करेपर्यंत.

मग फॉइल सोडलं. चरबीवर रेघा,
उभ्या, नंतर आडव्या,
मागावर चौकड्याचा टॉवेल दिसतो तशा,
आणि गाठीगाठीवर लवंग.
कोपऱ्यातला एक चौकोन वाकडा गेला.
असू दे, एक्सपोर्टला नाही जायचा.

काकवी फासली. दोनशेवर टाकलं, आठ मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला लाइट गेली.

डाय-हाउसात लाइट गेली की मी ओरडायचो,
हातानं फिरवा बे, डाग धरतंय!
आणि चौघं पोरं धावत, वाफेत,
ओल्या कापडाचा जडशीळ दोर ओढत राहायची.
इथं मी एकटा, दोन चमचे.
टोपली ओढून हॅम या कुशीवरून त्या कुशीवर केलं,
ब्रश फिरवला, पुन्हा आत ढकललं.
पंखाही बंद. बाहेर कुणाच्या तरी चांदणीच्या कंदिलाला
दुपारचा वारा उगाच हलवत होता.

वीस मिनिटांनी लाइट आली. फ्रायर घरघरला.
आतून विचारलं, शेड मिळाली का?
म्हटलं, ब्राऊन. लालसर अंग आहे. जरा पिवळा टाकला असता तर…
मला रेसिपी नको, रंग सांग.

ओट्याला टेकून उभा राहिलो.
हजारो शेडकार्डं पाहिलेला माणूस,
शब्द म्हणून एक सापडेना.
मग म्हणालो, तुझी ती साडी.
कुठली?
बार्शीला, एलिशाच्या लग्नात. पाऊस आला,
आणि माझ्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली.
ती कच्ची होती की रे. दोन धुण्यांत गेली.
कच्चीच. पण शेड ती.

आत बराच वेळ काही नाही.
मला वाटलं डोळा लागला.

बंद कर आता, ती म्हणाली, कडेला करपतंय.

मी वाकून पाहिलं. कुठं काय, म्हणणार होतो,
तर तो वाकडा चौकोन,
काळा.

रात्री तिनं तोच मागून घेतला,
कडक भाकरीच्या तुकड्यावर. मीठ जरा पुढं आहे, म्हणाली,
आणि बोटं चाटता चाटता
माझ्या शर्टाकडं बघत राहिली.
हा कुठला घातलायस?
निळा, म्हटलं.
कुठला निळा?